‘विजूला बघ’ म्हणजे नेमकं काय?

“मॅडम, शब्द दिलाय. आता मागे कशी फिरू?”

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचं माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत मला त्याची चाहूल लागते. वडिलांना ‘जमीन विकणार नाही’ म्हणून सांगितलेला आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला मुलगा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या मैत्रिणीला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन आतल्या आत कुढणारी मुलगी. फेडायचा राहिलेला नवस आठवून रात्र रात्र जागणारे गृहस्थ. म्हणून आज सुनंदाची गोष्ट लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

सुनंदा कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, अशी तक्रार घेऊन आली होती. मूळ सापडलं तिसऱ्या भेटीत. अकरा वर्षांपूर्वी आईने शेवटच्या आजारपणात धाकट्या भावाबद्दल तिच्याकडून शब्द घेतला होता. भाऊ दारू पितो. तेव्हापासून दर एक तारखेला सुनंदा त्याच्या खात्यावर पैसे टाकते. सुरुवातीला पाच हजार, आता अठरा. मुलीच्या क्लासची फी थकली, नवऱ्याशी बोलणं तुटत आलं, पण एक तारीख कधी चुकली नाही.

“पैसे थांबवले तर?” मी विचारलं.

“तर मी आईला फसवलं.”

“आणि चालू ठेवले तर?”

बराच वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. “तर तो त्या पैशानेच मरेल. मला कळतंय हो.”

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातल्या टोकाच्या समजुती तपासून बघत, काम करते. दिलेल्या शब्दाला आपण नकळत एक ‘च’ चिकटवतो: पाळलाच पाहिजे, नाही पाळला तर मी वाईटच. माझं निम्मं काम त्या ‘च’शी असतं. सुनंदापुढे मात्र माझे युक्तिवाद टिकेनात. ती म्हणाली, “भीष्मांनी मोडली का प्रतिज्ञा?” मी म्हटलं, “शस्त्र धरणार नाही म्हणालेला कृष्ण त्याच भीष्मांवर चाक घेऊन धावला होता.” ती शांतपणे म्हणाली, “तो देव होता, मॅडम.”

पुढच्या भेटीत मी वाद सोडून दिला आणि सहज विचारलं, सध्या वर्गात काय शिकवताय? “गंगा पाणीवाटप करार,” ती म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत भारताचे तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी केलेल्या सह्या, १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांतली गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या पाण्याची वाटणी, प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं निम्मं. मुदत ३० वर्षांची, आणि दर पाच वर्षांनी, गरज पडली तर त्याआधीही, फेरआढावा.

“मुदत कशाला? कायमचाच करार का नाही केला?”

“नदी बदलते, मॅडम. पाऊस बदलतो, माणसं वाढतात...” ती बोलता बोलता थांबली. मग हळूच म्हणाली, “पण आईच्या करारात फेरआढाव्याचं कलम नव्हतं.”

“मग होतं काय? नेमके शब्द सांगा.”

“भावाला सांभाळीन असं...”

“हे तुम्ही म्हणालात. आई काय म्हणाली?”

करारांच्या कायद्याबद्दलचा १९६९ चा व्हिएन्ना करार तिनेच मला समजावला होता. भारत त्यात सामील नाही, पण त्यातली बरीच तत्त्वं जगभर मानली जातात. त्याचं ३१वं कलम म्हणतं, कराराचा अर्थ लावायचा तो सद्भावनेने, शब्दांचा साधा अर्थ धरून आणि कराराचा हेतू समोर ठेवून. मी तिला तेच करायला सांगितलं.

तिने डोळे मिटले. सलाइनची सुई टोचलेला हात, चिकटपट्टीखाली काळीनिळी पडलेली कातडी, तोंडावरून बाजूला सारलेला ऑक्सिजनचा मास्क. आणि आईचं वाक्य: “विजूला बघ गं.”

एवढंच.

खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला बऱ्याच वर्षांनी जमायला लागलंय. सुनंदाने डोळे उघडले. “बघ म्हणाली ती. दे नाही म्हणाली.” आणि मग, मला अजून आठवतं, तिचा चेहरा एकदम पडला. “मॅडम, मी त्याला दीड वर्षात पाहिलेलंच नाही.”

पैसे फोनवरून जात. भावाचा फोन आला की ती उचलत नसे, त्याच्या आवाजाची भीती वाटे. शब्द तंतोतंत पाळतेय असं समजत असताना ती तो रोज मोडत होती. ज्या एका गोष्टीसाठी आईने हात धरला होता तीच राहून गेली होती.

त्या दिवशी माझीही एक गोष्ट पक्की झाली. दोन देशांच्या करारात दोन्ही पक्ष जिवंत असतात, पुन्हा समोरासमोर बसू शकतात. मरणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दात समोरची खुर्ची कायमची रिकामी असते. ‘जा, सोडलं तुला’ म्हणायला कुणी उरत नाही. मग आपण त्या शब्दाचा सगळ्यात कडक अर्थ धरून बसतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो.

म्हणून आता मी प्रत्येकाला आधी नेमके शब्द आठवायला सांगते. ते कुणाच्या भल्यासाठी होते हे विचारते. आणि शब्द घेणारं माणूस आजची परिस्थिती डोळ्यांनी बघत असतं, तर त्याने हेच मागितलं असतं का, असंही विचारते. जमीनवाल्या मुलाच्या वडिलांना जमीन हवी होती ती पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. मार खाणाऱ्या मैत्रिणीचं गुपित मात्र आढाव्याचीही वाट बघत नाही. ज्या गुपितापायी जीव धोक्यात येतो ते विश्वासाच्या माणसाला सांगायचंच.

पण ही सोयीची पळवाट नाही. आईवडिलांच्या औषधांचा निम्मा खर्च उचलीन असं बहिणीला सांगून, आता गाडीच्या हप्त्यामुळे जमत नाही म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी शब्द पाळायलाच सांगितलं. परिस्थिती बदलली हे कारण देशांनाही सहज मिळत नाही. डॅन्यूबवरच्या धरणांसाठी हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने १९७७ मध्ये करार केला होता. पुढे हंगेरीने परिस्थिती बदलल्याचं सांगून अंग काढून घेतलं. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते मानलं नाही. करार कायम आहे, त्याचा हेतू साधेल अशा रीतीने स्लोव्हाकियाशी (चेकोस्लोव्हाकिया तोवर फुटला होता) बसून बोला, असं सांगितलं. हा निकाल मला फार आवडतो.

सुनंदाने तिचा नवा करार वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिला. रोख रक्कम बंद. खोलीचं भाडं थेट मालकाला, जेवणाचे पैसे थेट खानावळीत. दर दुसऱ्या शनिवारी विजूकडे जायचं. व्यसनमुक्तीसाठी तो तयार झाला तर खर्च तिचा, सोबतही तिची. (‘आजपासून बंद कर’ असा हट्ट मात्र धरायचा नाही, असं मी बजावलं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.) आणि दरवर्षी आईच्या श्राद्धाच्या दिवशी हे पान पुन्हा वाचायचं. तिने ते आईच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं.

पहिल्या शनिवारी विजूने दार उघडलं ते शिव्या देतच. पैसे का नाही आले म्हणून ओरडला. ती दारातच बसून राहिली. खोलीतला दिवा गेलेला होता, कधीचा कुणास ठाऊक. ती खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब घेऊन आली. विजू स्टुलावर चढला, पण हात थरथरत होते, म्हणून तिने खालून स्टूल घट्ट धरलं. तिसऱ्या प्रयत्नात बल्ब बसला.

पुढच्या भेटीत ती मला म्हणाली, “त्याचे केस पिकलेत, मॅडम. मला माहीतच नव्हतं.”