शेजारी रीडेव्हलपमेंट होतंय, आमच्या घराचं काय? वाचकांचे प्रश्न

रीडेव्हलपमेंट म्हटलं की चर्चा होते ती आत राहणाऱ्यांची. कोणाला किती एरिया, कोणाला किती भाडं. शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र धूळ आणि आवाज, वर त्याला विचारतही कोणी नाही. म्हणून या वेळी फक्त शेजाऱ्यांचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: शेजारची बिल्डिंग पाडून दोन मजली बेसमेंटचा टॉवर होणार आहे. आमचं जुनं घर हद्दीपासून जेमतेम तीन मीटरवर. तडे जातील का? आत्ताच काय करावं?

जातीलच असं नाही, पण काळजी अगदी रास्त आहे. दोन बेसमेंट म्हणजे साधारण सात-आठ मीटर खोल खड्डा, आणि मऊ मातीत खोदकामाचा परिणाम खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंतही पोचू शकतो, म्हणजे तुमचं घर सरळसरळ त्या पट्ट्यात येतं. खड्ड्याच्या कडेला माती ढासळू नये म्हणून जी शोअरिंगची भिंत घालतात ती थोडी तरी आत झुकतेच, ती झुकली की मागची माती खाली बसते आणि मातीबरोबर पाया. घर सगळीकडे सारखं बसलं तर फारसं बिघडत नाही, एक कोपरा जास्त बसला की गडबड. इंजिनिअर लोकांचा जुना ठोकताळा आहे १/३०० चा, म्हणजे सहा मीटर लांब भिंतीची दोन टोकं २० मिलिमीटरने वरखाली झाली की भिंतीला तडे दिसायला लागतात. असे तडे बहुतेक वेळा खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपे निघतात, आणि त्याच्याही आधी एखादं दार अडकायला लागतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती कोणी विचारतच नाही. खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात, त्याने आजूबाजूचं भूजलही खाली जातं, आणि चिकणमाती असेल तर ती दबते. पंपाच्या पाइपातून येणारं पाणी जाऊन बघत जा. सुरुवातीला गढूळ असणारच, पण रोजच गढूळ येत असेल तर पाण्याबरोबर माती वाहून जातेय, आणि ती तुमच्या पायाखालचीही असू शकते. लगेच लेखी कळवा.

आता काय करायचं ते. पाडकाम सुरू व्हायच्या आधी घराचा कंडिशन सर्व्हे करून घ्या, तोही बिल्डरच्या माणसाकडून नाही तर तुम्ही नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. त्याची फी बिल्डरने द्यावी ही मागणी जरूर करा, आणि त्याने नाहीच दिली तर स्वतःच्या खिशातून करा, इथे कंजूषी नको. प्रत्येक खोली, गच्ची, कंपाउंडची भिंत, ड्रेनेजचे चेंबर, सगळ्याचे तारखेसकट फोटो. आत्ता असलेले तडेही लपवू नका, उलट प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. तडे ऋतूप्रमाणेही थोडे उघडतात-मिटतात, त्यामुळे काही महिने आधीपासूनची नोंद असली तर सोन्याहून पिवळं. हे हातात नसेल तर नंतर बिल्डर एकच वाक्य बोलणार, "हे तर जुनंच आहे", आणि ते खोडायला तुमच्याकडे काहीच नसणार.

प्रश्न: शेजारी पायलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालायचं काम) सुरू झाल्यापासून कपाटातल्या काचा खडखडतात, आई रात्रभर झोपत नाही. घर पडेल का हो?

बहुधा नाही. माणसाला कंपन फार लवकर जाणवतं, सेकंदाला ०.३ मिलिमीटर इतक्या वेगाचंही. जर्मन स्टँडर्ड डीआयएन ४१५० मध्ये साध्या राहत्या घराच्या पायाशी, कमी फ्रिक्वेन्सीच्या कंपनाला, ५ मिलिमीटर प्रति सेकंद ही मर्यादा धरलीये, म्हणजे जाणवणं आणि नुकसान यात बरंच अंतर आहे. पण म्हणून गप्प बसायचं नाही. तुमच्या पायाजवळ व्हायब्रेशन मीटर लावा आणि आकडे रोज आम्हाला द्या असं लेखी मागा. ठोकून घालायच्या पाइलऐवजी ड्रिल करून घालायच्या पाइल वापरता येतील का तेही विचारा, कंपन खूपच कमी होतं. आणि आईंच्या झोपेचं म्हणाल तर रात्री काम का चालू आहे हा वेगळाच प्रश्न आहे, परवानगीत कामाची काय वेळ लिहिलीये ते आधी काढा.

प्रश्न: बिल्डरचा माणूस एनओसीवर सही मागतोय, "फॉर्मॅलिटी आहे, बाकी सगळ्यांनी केली" म्हणतो.

फॉर्मॅलिटी असती तर तो सहीसाठी एवढा मागे लागला असता का? कागद ठेवून घ्या, सही नको. त्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, शोअरिंगची भिंत मागे ओढून धरणारे ग्राउंड अँकर (पोलादी सळया किंवा दोर), जे तिरपे तुमच्या जमिनीखाली येतात आणि काम संपल्यावर तिथेच पडून राहतात, उद्या तुम्हालाच बेसमेंट करायचं झालं तर आडवे येणार. दोन, क्रेनचा दांडा तुमच्या छपरावरून फिरवायची मुभा. दोन्ही देता येतात, पण फुकट आणि बिनशर्त नाही. सर्व्हे, मीटर, इन्शुरन्स, दुरुस्तीची लेखी हमी हे सगळं याच वेळी मागून घ्या, कारण त्यांना तुमची गरज आत्ता आहे. सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: शेजारच्या प्रकल्पाच्या सुनावणीत काय बोलू? आमचा व्ह्यू जाणार, ऊनही जाणार.

व्ह्यूवर फार भर देऊ नका, तो मुद्दा सहसा टिकत नाही. उन्हाचा टिकू शकतो, पण "अंधार होईल" असं मोघम म्हणू नका, हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाचा शॅडो स्टडी, म्हणजे सावली कुठे आणि किती वेळ पडेल याचा नकाशा, मागा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना ४५ मीटर उंच टॉवरची सावली जवळजवळ ७८ मीटर पडते, हे नकाशावर तुमच्या घरापर्यंत रंगवून नेलं की समोरच्यालाही दिसतं. बोलाल ते लेखीही द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: आमच्या घराची किंमत वाढेल की कमी होईल?

काम चालू असेपर्यंत गिऱ्हाईक नाक मुरडणारच. पुढे काय होईल ते रस्ता, पार्किंग आणि ड्रेनेज नवीन गर्दी झेपवतात का त्यावर आहे, त्यामुळे घाईने विकायचा विचार असेल तर निदान मंजूर प्लॅन बघेपर्यंत तरी थांबा.