विद्यमान, वर्तमान आणि कानाची भानगड

एका वाचकाचा प्रश्न आहे : "'अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे वर्तमान राज्यपाल स्कॉट वॉकर २०१८ मध्ये तिसऱ्या कार्यकाळासाठी उभे राहिले आणि हरले' यात 'वर्तमान' बरोबर की 'विद्यमान'?"

विद्यमान. 'वर्तमान आमदार' हे हिंदी बातम्यांचं उष्टं आहे. मराठीत वर्तमान म्हणजे चालू काळ, नाहीतर बातमी. म्हणून तर वर्तमानपत्र. संपलं.

मला खुपतो तो पुढचा शब्द. राज्यपाल! आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, त्याला मतांसाठी उंबरे झिजवावे लागत नाहीत. वॉकरना झिजवावे लागले, तरी टोनी एव्हर्सनी त्यांना २९ हजारांवर मतांनी पाडलं. (फरक एक टक्क्याहून किंचित जास्त. एक टक्क्याच्या आत असेल तरच हरलेल्याला फेरमोजणी मागता येईल, या कायद्यावर सही खुद्द वॉकर यांची!) "कोशात गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असंच दिलंय," हे मला नका सांगू. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला कोशकार राज्यपाल म्हणतात का?

गव्हर्नर मुळात 'पाल' नाहीच, तो सुकाणूवाला. ग्रीक 'कुबेर्नेतेस' म्हणजे नाव हाकणारा. त्याचं लॅटिनमध्ये 'गुबेर्नातोर' झालं आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. त्याच ग्रीक शब्दावरून १९४८ मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरनी 'सायबरनेटिक्स' (यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचं शास्त्र) हे नाव रूढ केलं, म्हणजे पोलिसांचा सायबर सेल आणि गव्हर्नर चुलतभाऊ! आणि आपल्याकडे? कर्णधार! कान धरणारा नव्हे. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूसुद्धा. आता सुकाणूला कान का म्हणावं? अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यातलं जहाज बघा, सुकाणूची वल्ही बाजूला लोंबताना दिसतील, थेट कानांसारखी. हा माझा तर्क. एक संस्कृतज्ञ स्नेही त्यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे, त्यांनी आयुष्यात होडी पाहिली ती सारसबागेजवळच्या चित्रात. गंमत म्हणजे आपले तांडेल ज्याला सुकाणू म्हणतात तो शब्द अरबी, 'सुक्कान'वरून आलेला.

तेव्हा 'विद्यमान गव्हर्नर' लिहा. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनालाही गव्हर्नर असायचा. फेरे वाढले की त्याची वजनं बाहेर फाकत आणि डिझेल आपोआप कमी होई. तो अडकला की मेस्त्री म्हणायचा, "गवनर धरलाय." इंजिनाचा राज्यपाल धरलाय, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.