सात वर्षांच्या मुलीला कन्सेप्च्युअल आर्टची ओळख कशी करून द्यावी?

कन्सेप्च्युअल आर्ट म्हणजे संकल्पनात्मक कला, जिथे वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची. ती समजावत बसू नका, करायला द्या. मी सॉल लेविटपासून सुरुवात करेन. हा अमेरिकन कलावंत १९६८ पासून भिंतीवरच्या चित्रांसाठी सूचना लिहायचा. त्या वाचून रेघा बहुतेक वेळा दुसरेच लोक ओढायचे.

घरी एका चिठ्ठीवर लिहा: 'चारही कोपऱ्यांतून रेघा काढ, पण त्या एकमेकींना शिवता कामा नयेत.' चिठ्ठी एकच, कागद तीन: एक मुलीला, एक आजीला, एक तुम्हाला. तिन्ही चित्रं वेगळी निघतील. मग विचारा, हे चित्र कुणाचं? काढणाऱ्याचं की चिठ्ठी लिहिणाऱ्याचं? मुलं यावर मनापासून भांडतात, आणि संकल्पनात्मक कलेचा गाभाच हा प्रश्न आहे. पुढची चिठ्ठी तिला लिहू द्या.

नंतर अमेरिकन संगीतकार जॉन केजची १९५२ ची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना. वादक एकही सूर वाजवत नाही. तेवढा वेळ दोघी गॅलरीत बसा आणि कुकरच्या शिट्टीपासून कावळ्यापर्यंत जे ऐकू येईल ते तिला मोजू द्या.

फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये कलाकृती म्हणून सादर केलेली मुतारी मात्र दोन-तीन वर्षांनी दाखवा. या वयात नुसतं हसू येतं आणि विचार बाजूला राहतो.