अनुबियासवरचं काळं शेवाळ

अरे, फिश टँकमधल्या तुझ्या अनुबियास या पाणरोपाच्या पानांच्या कडेला काळ्या केसांचे झुपके आलेत म्हणतोस ना, ते ब्लॅक बिअर्ड शेवाळ. बोटाने ओढून निघत नाही, पान फाटेल. अनुबियासची वाढ फार संथ, एकेक पान महिनोन्महिने टिकतं, म्हणून शेवाळ तिथेच ठाण मांडतं.

आधी लाईट बघ. दिवसभर चालू ठेवतोस का? टायमर लाव, सहा-सात तास पुरेत. टँक खिडकीच्या उन्हात असेल तर हलव.

मग रोप बाहेर काढ. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मऊ ब्रशने फक्त काळ्या भागावर लाव, दोन-तीन मिनिटांनी स्वच्छ धुऊन परत ठेव. चार-पाच दिवसांत झुपके गुलाबी दिसले की समज मेले. मला तो रंग बघून अजूनही बरं वाटतं! फार माखलेली पानं सरळ काप, नवी येतात.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच. खाणं मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या दोन काड्याही सोड, भराभर वाढतात आणि शेवाळाचं अन्न आधी त्याच पळवतात.

शेवाळ मारायची बाटलीतली औषधं मात्र सध्या नको, विशेषतः कोळंबी असेल तर.