लोणार: काठावरूनच परत फिरू नका

दिवाळीच्या सुट्टीत लोणार सरोवर बघायला निघालेल्या मुंबईकर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातले हे प्रश्न.

आम्ही पाच जण गाडीने जाणार. पहाटे निघायचं, दुपारी लोणार बघायचं आणि रात्री संभाजीनगरला मुक्काम करायचा, असा बेत आहे. समृद्धीवर टायर तापून फुटतात म्हणून हवा थोडी कमी ठेवा, असं एकाने सांगितलं. ठेवावी का? (मुलुंड)

आधी हवेचं. कमी मुळीच ठेवू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्या दबण्यानेच टायर तापतो. तासन् तास एकाच वेगाने गाडी पळत राहिली की तो फुटण्याची भीती वाढते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा पूर्ण भाराचा आकडा बघा आणि निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, तेवढी हवा भरा. वाटेत गरम टायर तपासला तर आकडा चढलेला दिसेल. म्हणून हवा काढू नका. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालातला ३५ वा आठवडा. इतका जुना टायर या रस्त्यावर नेऊ नये. स्टेपनीही तपासा.

आता बेताविषयी. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत सलग सुरू आहे. मेहकरला उतरलात की लोणार २५ किलोमीटरच्या आसपास आहे. थांबे धरून सहा-सात तास लागतात, म्हणजे पोहोचेपर्यंत दुपार होते. डोक्यावर ऊन आणि कंटाळलेली मुलं, अशा वेळी लोक काठावर पंधरा मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि निघतात. एवढ्या लांब येऊन लोणार न बघताच परतण्याचा हा प्रकार आहे. मुक्काम लोणारलाच करा. संध्याकाळी काठावरून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर खाली उतरा. गाडी चालवायची नसेल तर रात्री सीएसएमटीहून सुटणारी देवगिरी एक्सप्रेस पहाटे जालन्याला पोहोचवते. तिथून लोणार सुमारे ९० किलोमीटर. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत ते लगेच भरतं.

सासूबाईंचं वय ६८, गुडघे दुखतात. त्या खाली उतरू शकतील का? (डोंबिवली)

नको. काठापासूनची खोली सुमारे १३७ मीटर आहे, म्हणजे चाळीसेक मजल्यांच्या टॉवरएवढी, आणि तिथे लिफ्ट नाही. चढताना दम लागतो, पण दुखरे गुडघे बोलतात ते उतरताना. वाटेवर सुटे दगड आहेत, पावसानंतर शेवाळंही असतं. त्यांना गावातलं दैत्यसूदन मंदिर दाखवा. ते सपाटीवर आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघायला तास पुरत नाही. सरोवर काठावरूनही पूर्ण दिसतं. ते ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असल्याने ते एका नजरेत मावतं.

बाकीच्यांनी माणशी दीड-दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि टोपी घेऊन उतरावं. खाली खाण्यापिण्याचं काही मिळत नाही. पाण्याच्या कडेने पूर्ण फेरी मारायचा हट्ट धरू नका. पातळी वाढलेली असली की कमळजा देवीच्या मंदिराकडची वाट पाण्यात जाते आणि कडेच्या चिखलात पाय रुततो. कुठपर्यंत जाता येईल ते वनखात्याच्या गेटवर विचारूनच निघा. हे अभयारण्य आहे. दगड, पिसं काही उचलू नये आणि वानरांसमोर खाऊची पिशवी उघडू नये.

सातवीतल्या मुलीला गुलाबी पाणी बघायचंय. दिसेल का? (दादर)

बहुधा नाही. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि हॅलोआर्किया नावाच्या खारप्रेमी सूक्ष्मजीवांनी ते गुलाबी झालं. पाऊस पडल्यावर तो रंग गेला. एरवी शेवाळामुळे पाणी हिरवट असतं.

तिला निराश करू नका, हळदीचा कागद करून न्या. एक चमचा हळद चार चमचे पातळ सॅनिटायझरमध्ये कालवा. जेल चालत नाही, आणि पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही. गॅसपासून लांब बसून टिपकागदावर लावा, सावलीत वाळवा, कारण उन्हात हळद उडते. मग बोटभर रुंद पट्ट्या कापा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पट्टी लालसर होते का, ते घरीच तपासा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. लोणारच्या कडेला एक पट्टी बुडवा, ती लाल होईल. पाणी तेवढं अल्कधर्मी आहे. दुसरी तिथल्याच गोमुख झऱ्याच्या धारेत धरा. तिथलं पाणी गोडं, त्यामुळे पट्टी पिवळीच राहील. एकाच विवरात दोन तऱ्हेची पाणी मुलीला स्वतःच्या हाताने कळतील. साबणाचे हात लागले तर पट्टी आधीच लाल पडते, तेवढं सांभाळा. आणि त्या पाण्यात पोहू नये, डोळे चुरचुरतात. वापरलेल्या पट्ट्या घरी परत आणा.

पुस्तकात विवराचं वय ५२ हजार वर्षं, दुसरीकडे पावणेसहा लाख. खरं कुठलं? आणि हा ज्वालामुखी नाही कशावरून? (बोरिवली)

आकडे दोन, कारण मोजण्याच्या पद्धती दोन. पहिला उष्मादीप्तीच्या पद्धतीने (खडक तापवल्यावर त्यातून निघणारा प्रकाश मोजून) आला, दुसरा (सुमारे ५.७ लाख) आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून. आज दुसऱ्यावर अधिक भरवसा ठेवतात. भोवतीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हापासून झालेला काळा खडक, मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, म्हणजे विवर त्यात फार नंतर पडलं. खोदकामात मॅस्केलिनाइट ही काच सापडली. ती ज्वालामुखीत तयार होत नाही, त्यासाठी उल्केच्या आघाताचा दाब लागतो.

परतीच्या वाटेवर वेरूळ-अजिंठा होईल का? (ठाणे)

दोन्ही नको, एकच निवडा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.