असईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीचे वडील कोण होते?

गॅरेट वेस्ली, मॉर्निंग्टनचे पहिले अर्ल (1735–1781). आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातल्या डँगन इथले जमीनदार. मूळ आडनाव कॉली. नातलगाची इस्टेट मिळाली तेव्हा गॅरेटच्या वडिलांनी वेस्ली हे नाव घेतलं, आणि त्याचं वेलस्ली पुढे मुलांनी केलं.

गॅरेट ट्रिम मतदारसंघातून आयरिश संसदेत होते, वडिलांनंतर उमराव सभागृहात गेले. पण राजकारणात त्यांनी फार काही केलं असं मला वाटत नाही. खरा जीव संगीतात! 1764 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ते पहिले संगीत प्राध्यापक झाले. व्हायोलिन वाजवायचे, रचना करायचे. पैशाचा हिशोब मात्र कधी जमला नाही; मागे कर्ज ठेवून गेले. ते फेडायचं थोरल्या रिचर्डच्या गळ्यात पडलं, त्याचं ऑक्सफर्डचं शिक्षणही अर्धवट राहिलं.

हाच रिचर्ड म्हणजे तैनाती फौजेवाला गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली. 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो धाकटा आर्थर, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आई अ‍ॅन हिल, व्हायकाउंट डंगॅननची मुलगी. तिला लहानपणी आर्थरकडून फारशा अपेक्षा नव्हत्या.