व्हॅलेन्सियाला निघण्याआधी

अगं, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या विद्यापीठात शिकायला निघालीस, तर विषय निवडताना प्रत्येक वर्गाची भाषा आधी बघ. तिथे काही वर्ग स्पॅनिशमध्ये, तर काही व्हॅलेन्सियन या स्थानिक भाषेत चालतात. बार्सिलोनात कॅटलान या तिथल्या भाषेचं तसंच. मी न बघता एक विषय घेतला आणि पहिले दोन आठवडे फळ्यावरचं नुसतं उतरवत बसले. एका सत्राला साधारण ३० क्रेडिट, गुण १० पैकी, ५ ला पास.

सहा महिन्यांहून जास्त राहणार असशील, तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकांना देतात त्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि ती पटकन मिळत नाही, म्हणून उतरल्या दिवसापासून मागे लाग. भाडेकरार जपून ठेव, नगरपालिकेत पत्ता नोंदवताना लागतो. आणि स्पॅनिश आत्तापासून शिक गं, घरमालकिणीशी इंग्रजीत भागत नाही.